मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनीने नियम मोडले तर सोलापूरच्या ग्राहकाने दाद कशी मागावी

जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी घरीच शाळेचे गणवेश शिवतात. गणवेशाच्या ऐन हंगामात त्यांच्या घरचे ब्रॉडबँड तेवीस दिवस बंद राहिले. मापे, रंगाचे नमुने आणि ऑर्डरी सगळे फोनवरूनच चालत असल्यामुळे त्यांना रोज मोबाइलचा वेगळा डेटा विकत घ्यावा लागला, आणि दोन शाळांच्या ऑर्डरी वेळेत पक्क्या न झाल्यामुळे हातच्या गेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडण्याची त्यांची जुनी सवय आहे. त्याच चौकटींत त्यांनी निळ्या पेनने ‘नेट नाही’ असे लिहिले होते, आणि ज्या दिवशी कंपनीला फोन केला त्या दिवसाच्या चौकटीत तक्रार क्रमांकही टिपून ठेवला होता. पुढे त्यांची तक्रार लिहायला मी बसलो, तेव्हा पावत्या, मेसेज आणि स्क्रीनशॉट या सर्वांपेक्षा कॅलेंडरचे ते एक पान अधिक कामाला आले.

ओळखीच्या लोकांना अशा तक्रारी लिहून देताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. कायदा ग्राहकाच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम आहे, दाद मागण्याची जागा, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग, सोलापुरातच आहे आणि तिथे जाण्यासाठी शुल्कही लागत नाही. तरीही प्रकरण उभे राहते की पडते, हे बहुतेक वेळा आयोगाची पायरी चढण्यापूर्वीच ठरलेले असते. सेवा बंद पडल्याच्या पहिल्या दिवसापासून ग्राहकाने काय लिहून ठेवले आणि कंपनीला काय लेखी कळवले, यावरच ते ठरते. म्हणून या लेखात न्यायालयीन उपायांइतकीच जागा त्यांच्या पूर्वतयारीला दिली आहे.

ग्राहक आयोगात जाता येते का, ही जुनी शंका

अनेक वर्षे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, टिकत नसत. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ७ ब मध्ये टेलिफोनच्या वादांसाठी लवादाची तरतूद होती. तिचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये असे म्हटले होते की, विशेष कायद्यात स्वतंत्र उपाय असल्यामुळे ग्राहक मंचाला असे वाद ऐकता येणार नाहीत. या निकालावर बोट ठेवून कित्येक तक्रारी गुणदोषांत न शिरताच निकाली काढल्या गेल्या.

१६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही अडचण दूर केली. प्रकरण अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाचे होते. महिन्याला सरासरी साडेपाचशे रुपयांच्या आसपास बिल येणाऱ्या या ग्राहकाला २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील एका महिन्यासाठी २४ हजार रुपयांहून अधिक बिल आले होते. व्होडाफोन आयडिया कंपनीने अधिकारितेचा, म्हणजे ग्राहक मंचाला असा वाद ऐकण्याचा अधिकार आहे का हा, मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ग्राहक संरक्षण कायद्यातील उपाय इतर कायद्यांतील उपायांना जोडून मिळालेला आहे आणि तार अधिनियमातील लवादाच्या तरतुदीमुळे ग्राहक मंचाची अधिकारिता संपत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतच दूरसंचार सेवेचा उल्लेख आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ऑनलाइन तक्रार निवारणाची तरतूद करतानाही, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायद्याखालील हक्काला बाधा येणार नाही, असे नमूद केलेले आहे.

एवढे असूनही कंपन्यांच्या लेखी म्हणण्यात अधिकारितेचा आक्षेप आजही छापील मजकुरासारखा येतो. तो वाचून घाबरू नये. तक्रारीतच एक परिच्छेद लिहून २०२२ चा हा निकाल आणि २०१९ च्या कायद्यातील कलम २(४२) यांचा उल्लेख केला की पुढच्या दोन-तीन तारखा वाचतात. ‘वाद लवादाकडेच न्यावा’ किंवा ‘फक्त मुंबईच्या न्यायालयांनाच अधिकार राहील’ अशी कलमे करारात असतात, त्यांचेही उत्तर कायद्यात आहे. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचा व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. आणि लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्य केलेले आहे. तेव्हा अक्कलकोट, बार्शी किंवा पंढरपूर तालुक्यातील ग्राहकानेही सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगातच जावे. कंपनीचे मुख्य कार्यालय कुठे आहे, याने त्यात काही फरक पडत नाही.

कोणता नियम मोडला, हे आधी ठरवावे

‘सेवा नीट नाही’ एवढ्याच वाक्यावर तक्रार उभी करू नये. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ग्राहकांसाठी अनेक विनियम केलेले आहेत आणि आपली अडचण त्यांपैकी कशात बसते हे सांगता आले, तर ‘सेवेतील त्रुटी’ सिद्ध करणे फार सोपे होते.

ब्रॉडबँड किंवा लँडलाइन बंद पडली असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेले सेवेच्या दर्जाचे विनियम पाहावेत. तारेवरच्या सेवेतील बिघाड दुरुस्त व्हायला तीन दिवसांहून अधिक काळ लागला, तर ग्राहकाला भाड्यात सूट देणे कंपनीवर बंधनकारक आहे. मोबाइलचे नेटवर्क संपूर्ण जिल्ह्याच्या पातळीवर चोवीस तासांपेक्षा जास्त काळ बंद राहिले, तर पोस्टपेड ग्राहकाला बिलात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वैधता वाढवून देण्याची तरतूदही त्यात आहे. न मागितलेली गाणी, ज्योतिष किंवा खेळ यांचे पैसे कापले गेले असतील, तर २०१३ पासून लागू असलेला दुहेरी संमतीचा नियम कामाला येतो. ग्राहकाने दोनदा स्पष्ट होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येत नाही, आणि होकार मिळाला होता हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी. अशी सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक आहे. प्रीपेड ग्राहकाला मागील सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशील मागता येतो आणि त्यासाठी कंपनीला पन्नास रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाही. शिल्लक रक्कम कशी संपली हे कळण्याचा याहून चांगला मार्ग नाही, तरी फार थोडे लोक हा तपशील मागतात.

कॉल तुटण्याबाबत मात्र एक गैरसमज पसरलेला आहे. प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाई देण्याचा विनियम ट्रायने केला होता हे खरे. पण ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे ‘कॉलमागे एक रुपया’ अशी मागणी तक्रारीत करू नये. घरात किंवा दुकानात रेंजच मिळत नसेल, तर ती सेवेतील त्रुटी म्हणून मांडावी आणि सोबत कंपनीने आपल्या संकेतस्थळावर दिलेल्या कव्हरेजच्या नकाशाची छापील प्रत जोडावी. नकाशा हिरवा असून घरात रेंज नसेल, तर तो विरोधाभास आयोगाला सहज दिसतो.

आधी कंपनीच्या दारात, पण लेखी

२०१२ च्या दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियमांनी कंपनीच्या आतच दोन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिली पायरी तक्रार केंद्राची. तिथे १९८ या निःशुल्क क्रमांकावर फोन करता येतो आणि केंद्राने प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक द्यायचा असतो. फोनवरची व्यक्ती ‘नोंद घेतली आहे’ म्हणाली, तरी क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नये. क्रमांकाचा मेसेज आला नाही, तर तो विचारून लिहून घ्यावा. एकाच बिघाडासाठी तीन वेळा फोन केला तर तीन क्रमांक मिळतात आणि आधीची तक्रार ग्राहकाला न विचारता ‘निकाली’ दाखवली गेल्याचे पुष्कळदा आढळते. वहिनींच्या बाबतीत तेच झाले होते. सेवा बंद असतानाच दोन तक्रारी निकाली काढल्याचे मेसेज आले होते, आणि कॅलेंडरवर त्या दोन्ही तारखांना ‘नेट नाही’ अशी नोंद होती. पुढे त्यांच्या तक्रारीतला सर्वांत जोरदार परिच्छेद याच विसंगतीवर लिहिला गेला.

दुसरी पायरी अपील प्राधिकाऱ्याची. तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही, किंवा ठरलेल्या मुदतीत उत्तरच आले नाही, तर तीस दिवसांच्या आत अपील करावे. त्याला शुल्क नसते आणि ३९ दिवसांत त्याचा निर्णय व्हावा, अशी तरतूद आहे. आपला जिल्हा मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा या सेवा क्षेत्रात येतो, त्यामुळे त्या क्षेत्राच्या अपील प्राधिकाऱ्याचा ई-मेल कंपनीच्या संकेतस्थळावरून शोधून घ्यावा. आयोगात जाण्यापूर्वी अपील केलेच पाहिजे, असे कायद्याचे बंधन नाही. तरीही ते करावे, असे माझे ठाम मत आहे. अपिलाच्या उत्तरात कंपनी पहिल्यांदा आपली बाजू लेखी मांडते, आणि पुढे आयोगात तिने वेगळेच काही सांगितले तर हे उत्तर तिच्याविरुद्ध दाखवता येते.

याच काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बऱ्याच किरकोळ तक्रारी तिथेच मिटतात. मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. ट्रायही वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. तिथे पाठवलेले पत्र फक्त कंपनीकडे पुढे जाते. त्यामुळे या ठिकाणी महिनोन्‌महिने वाट पाहत बसू नये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगात दाखल व्हावे लागते आणि हेल्पलाइनवर तक्रार प्रलंबित आहे, म्हणून ही मुदत थांबत नाही.

पोस्टपेड बिलाचा वाद असेल, तर संपूर्ण बिल अडवून ठेवू नये. जी रक्कम मान्य आहे ती भरावी आणि उरलेली का मान्य नाही हे त्याच दिवशी ई-मेलने कळवावे. सगळे बिल थकवले की कंपनीला सेवा तोडण्याचे निमित्त मिळते, आणि आयोगासमोर प्रश्न चुकीच्या बिलाचा न राहता थकबाकीचा होऊन बसतो.

कागदपत्रे जमवताना

आपल्याकडे ब्रॉडबँड पुष्कळदा गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेले असते आणि पैसे त्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने जातात. पावती मिळत नाही, मिळाली तरी तिच्यावर कंपनीचे नाव नसते. अशा वेळी ‘हा आमचा ग्राहकच नाही’ असे उत्तर येऊ शकते. म्हणून बँकेच्या खात्याचा उतारा, योजना सुरू झाल्याचा कंपनीचा मेसेज, ॲपमधील ग्राहक क्रमांकाचे पान आणि राउटरवरची चिठ्ठी या चार गोष्टी एकत्र ठेवाव्यात. तक्रारीत केबलवाला आणि मूळ परवानाधारक कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. दोघांपैकी जबाबदार कोण हे त्यांना आपापसात ठरवू द्यावे. ग्राहकाने ते ओझे स्वतःकडे घेऊ नये.

फोनमधील मेसेज आणि स्क्रीनशॉट छापून जोडायचे असतील, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र सोबत द्यावे. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतके काटेकोरपणे लावले जात नाहीत, पण प्रमाणपत्र असले की आक्षेपाला जागा उरत नाही. मूळ मेसेज फोनमधून पुसू नयेत, आणि प्रकरण संपेपर्यंत तो फोन विकू नये.

नुकसानीचा हिशोब कागदावर मांडावा. वहिनींनी सहा महिन्यांच्या योजनेसाठी कर धरून ३,५४० रुपये भरले होते. १८० दिवसांनी भागले की दिवसाला १९ रुपये ६७ पैसे पडतात, आणि तेवीस दिवसांचे साधारण ४५२ रुपये होतात. त्यात मोबाइल डेटासाठी केलेल्या रिचार्जच्या रकमा तारखेवार जोडल्या. गेलेल्या दोन ऑर्डरींसाठी आम्ही दोन्ही शाळांशी झालेले मेसेज जोडले आणि मजुरीचा आकडा मागील वर्षीच्या बिलांवरून काढला. मानसिक त्रासाची रक्कम त्यानंतर स्वतंत्र लिहिली. चारशे रुपयांच्या सेवेसाठी पाच लाखांची मागणी केली की खरे नुकसानही अतिशयोक्त वाटू लागते. मागणी हिशोबाला धरून असेल, तर आयोग तिच्याकडे गांभीर्याने पाहतो.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो, की सेवा धंद्यासाठी घेतलेली असल्यामुळे तक्रारदार ‘ग्राहक’ नाही. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागू होत नाही हे बरोबर आहे. पण स्वतःच्या कष्टाने पोट भरणाऱ्या माणसाचा स्वयंरोजगार हा व्यापारी हेतू समजला जात नाही. घरी शिलाई करणारी बाई, एकट्याने झेरॉक्सचे दुकान चालवणारा माणूस, दोन-चार यंत्रमाग स्वतः चालवणारा विणकर यांनी तक्रारीत ‘सेवा स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतली आहे’ असे वाक्य स्पष्ट लिहावे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यासाठी घेतलेल्या जोडणीचा वाद मात्र या मार्गाने नेणे अवघड आहे. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा.

जिल्हा आयोगात तक्रार

जिल्हा आयोगाची अधिकारिता भरपाईच्या मागणीवरून ठरत नाही, सेवेसाठी प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावरून ठरते, आणि ती सध्या ५० लाख रुपयांपर्यंत आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. याचा अर्थ असा, की घरगुती मोबाइल-ब्रॉडबँडची जवळजवळ प्रत्येक तक्रार जिल्हा आयोगातच आणि विनाशुल्क दाखल होते. वकील लावणे बंधनकारक नाही. तक्रारदाराला स्वतः बाजू मांडता येते.

तक्रार मराठीत लिहावी. सुरुवातीला तक्रारदाराचे व विरुद्ध पक्षांचे पूर्ण नाव-पत्ते द्यावेत, आणि कंपनीच्या बाबतीत नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता जरूर द्यावा, कारण केवळ शोरूमच्या पत्त्यावर गेलेली नोटीस ‘कार्यालय बंद’ असा शेरा घेऊन परत येते आणि त्यात महिने जातात. त्यानंतर हकीकत तारखेच्या क्रमाने लिहावी. प्रत्येक तारखेसमोर तक्रार क्रमांक आणि जोडलेल्या कागदाचा अनुक्रमांक असावा. मग कोणता विनियम मोडला, त्यामुळे सेवेत त्रुटी कशी झाली किंवा अनुचित व्यापारी प्रथा कशी अवलंबली गेली, तक्रारीस कारण केव्हा घडले, तक्रार मुदतीत व अधिकारितेत कशी आहे, हे स्वतंत्र परिच्छेदांत सांगावे. शेवटी विनंती लिहावी. कलम ३९ खाली आयोग त्रुटी दूर करण्याचा, पैसे व्याजासह परत देण्याचा, नुकसानभरपाई व तक्रारीचा खर्च देण्याचा, आणि अनुचित प्रथा बंद करण्याचाही आदेश देऊ शकतो. जे हवे ते सगळे विनंतीत लिहावे, कारण न मागितलेली गोष्ट सहसा मिळत नाही. सोबत शपथपत्र, कागदपत्रांची यादी आणि ओळखपत्र जोडावे. प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एक संच वेगळा लागतो, हे झेरॉक्स काढतानाच लक्षात ठेवावे.

तक्रार ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. १ जानेवारी २०२५ पासून हे पोर्टल सुरू झाले असून पूर्वीच्या ई-दाखिलचे काम आता तिथे होते. कागद स्कॅन करताना कॅलेंडरचे पान, पावत्या आणि मेसेज वेगवेगळ्या फायलींत ठेवावेत व प्रत्येक फाइलला मराठीत नेमके नाव द्यावे. शंभर पानांचा एकच गठ्ठा चढवला, तर त्यातले नेमके पान सुनावणीच्या वेळी सापडत नाही.

सेवा तोडण्याची धमकी आलेली असेल, वादातल्या बिलासाठी वसुलीचे फोन सुरू असतील किंवा क्रमांक दुसऱ्याला दिला जाण्याची भीती असेल, तर तक्रारीसोबतच अंतरिम आदेशासाठी वेगळा अर्ज द्यावा. कलम ३८(८) खाली प्रकरण चालू असेपर्यंत आयोग योग्य तो अंतरिम आदेश देऊ शकतो. क्रमांक गेल्यावर तो परत मिळवणे फार कठीण असते, म्हणून हा अर्ज ‘नंतर पाहू’ म्हणून टाळू नये.

दाखल झाल्यानंतर

तक्रार स्वीकारायची की नाही हा निर्णय साधारणपणे २१ दिवसांत व्हावा, आणि तक्रारदाराला ऐकून घेतल्याशिवाय ती नाकारता येत नाही. स्वीकारल्यावर कंपनीला नोटीस जाते. लेखी म्हणणे देण्यासाठी तिला ३० दिवस मिळतात आणि आयोग त्यात जास्तीत जास्त १५ दिवसांची वाढ देऊ शकतो. ४५ दिवसांच्या पुढे एक दिवसही वाढवून देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी सांगितले आहे. नोटीस कोणत्या तारखेला बजावली गेली, ही तारीख तक्रारदाराने स्वतः पाहून लिहून ठेवावी. शेहेचाळिसाव्या दिवशी म्हणणे आले, तर ते दाखल करून घेण्यास तिथल्या तिथे लेखी हरकत घ्यावी.

नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत तक्रारीचा निकाल लागावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि हे आधीच माहीत असलेले बरे. प्रत्येक तारखेला हजर राहावे. ठरल्या तारखेला तक्रारदारच आला नाही, तर तक्रार निकाली निघू शकते. परगावी जावे लागत असेल, तर दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीसाठी अर्ज करता येतो. मध्येच कंपनीचा वकील तडजोडीचा प्रस्ताव आणतो. मध्यस्थीची तरतूद कायद्यात आहे आणि रक्कम वाजवी असेल, तर ती घेण्यात कमीपणा नाही. मात्र ‘पुढील बिलात वळती करू’ अशा तोंडी आश्वासनावर तक्रार मागे घेऊ नये. तडजोड लेखी करून, रक्कम आणि तारीख घालून, ती आयोगाच्या नोंदीत आणावी.

इतर दारे कोणाच्या उपयोगाची

सार्वजनिक उपयुक्त सेवांच्या वादांसाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कायम लोक अदालतीची तरतूद आहे आणि टेलिफोन सेवा त्या यादीत आहे. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, न जमल्यास अदालत गुणदोषांवर निवाडा देते आणि त्यावर अपील नसते. हे दार निवडायचे असेल, तर दुसरीकडे प्रकरण दाखल करण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो; तो केल्यावर त्याच वादासाठी न्यायालयात जाता येत नाही. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात याची चौकशी करावी. माझ्या मते, कागदपत्रे भक्कम असतील तर जिल्हा आयोग अधिक सोयीचा आहे, कारण तिथल्या आदेशावर अपिलाची वाट खुली राहते.

दिल्लीतील दूरसंचार वाद अपील न्यायाधिकरण, म्हणजे टीडीसॅट, एकट्या ग्राहकासाठी नाही. कंपनी आणि ग्राहकांचा गट यांच्यातील वाद तिथे जातो. जी तक्रार ग्राहक आयोगात चालू शकते, ती वैयक्तिक तक्रार ट्राय कायद्याच्या कलम १४ ने वगळलेली आहे. एखाद्या सोसायटीतील वीस-पंचवीस घरांची तक्रार एकसारखी असेल, तर दिल्लीला जाण्याऐवजी ग्राहक कायद्याच्या कलम ३५ खाली परवानगी घेऊन सोलापुरातच एकत्रित तक्रार करावी. शहरातल्या मोठ्या वर्गाची फसवणूक होत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते. कलम १६ नुसार ते चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात.

दुसऱ्याच माणसाला आपल्या क्रमांकाचे सिम देऊन त्यावरून बँक खाते रिकामे झाले असेल, तर प्रथम सायबर पोलिसांत आणि बँकेत तक्रार करावी. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करणे सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यानंतर कंपनीने ओळख न तपासता सिम दिले, या मुद्द्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे भरपाई मागता येते. महाराष्ट्रात हे काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे असते.

उच्च न्यायालयात रिट करण्याची गरज घरगुती तक्रारीत फार क्वचित पडते, आणि पर्यायी उपाय उपलब्ध असताना न्यायालय सहसा त्यात पडत नाही. पण गरज पडलीच, तर आता मुंबईला जावे लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालेल्या सर्किट बेंचकडे सोलापूर जिल्हा जोडलेला आहे.

आदेश हाती आल्यावर

आदेशाची प्रत मिळताच तिच्यावरची तारीख पाहावी. मागणीपेक्षा फारच कमी मिळाले असेल, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. कंपनीला अपील करायचे असेल, तर तिला आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि या एका अटीमुळे लहान रकमांच्या आदेशांविरुद्ध अपिले कमी होतात.

मुदतीत पैसे आले नाहीत, तर आदेशाची प्रत जोडून स्पीड पोस्टने एक पत्र पाठवावे, त्यात बँक खात्याचा तपशील द्यावा आणि पोहोच जपून ठेवावी. तरीही पैसे न आल्यास त्याच जिल्हा आयोगात दोन दरखास्ती, म्हणजे अंमलबजावणीचे अर्ज, देता येतात. कलम ७१ खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे, म्हणजे जप्तीच्या मार्गानेही, वसुली मागता येते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २५ हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ७२ ची दरखास्त देताना कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि कार्यालयाचा पत्ता अचूक लिहावा, कारण समन्स त्या पत्त्यावर जाते. वहिनींच्या प्रकरणात इथपर्यंत यावे लागले नाही. पत्र पोहोचल्यानंतर नवव्या दिवशी रक्कम खात्यात जमा झाली, आणि त्या दिवसाच्या चौकटीतही त्यांनी निळ्या पेनने नोंद केली.